बाहेरच्या कड्यातले तारे

गणपती दूध प्यायले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दूध प्यायले तेव्हा प्रा. वामन गायधनी यांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पृष्ठताण म्हणजे काय हे नीट समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि मग सगळे चमचे घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले होते. त्यामुळे यंदा पंचवटीतल्या नवप्रकाश मित्र मंडळाचा अध्यक्ष ललित विधाते घरी आला आणि म्हणाला, "सर, यंदा आपल्याला वैज्ञानिक देखावा करायचाय," तेव्हा सरांनी आधी त्याच्या हातात चमचा नाही ना, हे पाहून घेतलं.

ललित सरांचा विद्यार्थी. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा होता. पहाटे फुलबाजार, मग कॉलेज, असं त्याने दोन वर्षं केलं आणि मग कॉलेज सोडून दिलं. पण त्या दोन वर्षांत त्याने वर्गात एक प्रश्न विचारला होता. "सर, बाहेरचे तारे एवढे पळतात, तर उडून का जात नाहीत?" परीक्षेत न येणारा प्रश्न कुणी विचारण्याची सरांच्या नोकरीतली ती पहिली वेळ होती. त्या दिवशी आनंदाच्या भरात ते चहा प्यायला विसरले होते. तेव्हापासून ललितचं त्यांच्याकडे सगळं माफ होतं.

"आकाशगंगा करायची," ललित म्हणाला. "मधोमध बाप्पा. भोवती तारे गोल गोल फिरतायत. मागे कॅसेट. तुम्ही फक्त सांगायचं, आम्ही करायचं."

"मागच्या वर्षी काय केलं होतंत?"

"कालियामर्दन."

"मग तोच नाग रंगवून घ्या आणि—"

"सर, स्पर्धेचे परीक्षक कोण आहेत माहितीय? पुण्याचे डॉक्टर खांबेटे."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. मंजुषाबाई दारात आल्या. लग्नात उखाणा घेताना त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं, पण त्यानंतरच्या संसारात त्या घरात सर्वांत जास्त वेळा घेतलं गेलेलं नाव खांबेट्यांचं होतं. ललितलाही ते ठाऊक होतं. एकदा कॉलेजच्या सहलीत, बस बंद पडलेली असताना, सरांनी त्याला सगळी हकिकत सांगितली होती.

हकिकत छोटी होती. सर तरुणपणी पुण्याला खांबेट्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय होता आकाशगंगेच्या कडेकडचे तारे कसे फिरतात हा. त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं, म्हणून विषय सोपा समजला जायचा. सूर्याजवळचा बुध धावत सुटतो, लांबचा शनी रमतगमत जातो, कारण ओढणारा सूर्य मधोमध बसलेला. आकाशगंगेतही उजेडाची सगळी गर्दी मध्यावर. तेव्हा कडेचे तारे शनीसारखे सावकाश चालणार. सरांनी परदेशातल्या वेधशाळांनी मोजलेले वेग गोळा केले आणि आलेख काढला. आलेखाची रेघ वर चढली आणि आता उतरेल, मग उतरेल म्हणता म्हणता उतरलीच नाही. म्हसरूळच्या माळासारखी सपाट निघून गेली. कडेचे तारे आतल्यांइतक्याच वेगाने पळत होते.

"गायधनी," खांबेटे म्हणाले होते, "तुमची अंतरं चुकलीत. बाहेरचे बिंदू खोडा."

सरांनी खोडले. मग उरलेला आलेख पाहून खांबेटे म्हणाले, "यात नवीन काय आहे?"

सर नाशिकला परत आले आणि लेक्चरर झाले. पुढे काही वर्षांनी सगळ्या जगाने मान्य केलं की कडेचे तारे खरंच पळतात आणि त्यांना धरून ठेवणारं काहीतरी तिथे आहे, जे दिसत नाही. मराठीत हे सर्वांत रसाळ भाषेत कुणी सांगितलं असेल तर ते डॉ. खांबेट्यांनी. रविवारच्या पुरवण्यांतून सांगितलं, व्याख्यानमालांतून सांगितलं, रेडिओवरून सांगितलं. त्यात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा उल्लेख असे, ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीचा असे. नाशिकचा नसे.

"सर," ललित आवाज खाली आणून म्हणाला, "ते समोर उभे राहणार. समोर बाहेरचे तारे पळणार. खाली बोर्डावर तुमचं नाव. अजून काय पाहिजे?"

सरांना अजून काहीही नको होतं. माफी नको, कबुली नको. त्या माणसाने फक्त तिथे उभं राहून पाहावं, एवढंच.

"पण बाहेरचं कडं पळालं पाहिजे," सर म्हणाले. "बाकी तुम्ही काय वाटेल ते करा. उंदराला अवकाशवीर करा. पण बाहेरचं कडं आतल्याच्याच वेगाने पळालं पाहिजे."

"पळणार सर. शब्द."

 मंजुषाबाईंनी त्या दिवशी भजी नेहमीपेक्षा जास्त वाढली.

देखाव्याचं यंत्र करायला चंदर मिस्तरी होता. कालिकेच्या यात्रेतले पाळणे तोच उभे करायचा, त्यामुळे गोल फिरणाऱ्या वस्तूंबद्दल त्याची मतं ठाम होती. त्याने एका मोठ्या प्लायवूडच्या चकतीवर सगळे तारे ठोकले आणि मोटर चालू केली. सगळं विश्व एकदम फिरलं.

"हे खळ्यातल्या बैलांसारखं झालं," सर म्हणाले. "मधल्या मेढीला बांधलेले बैल. आतला जागच्या जागी वळतो, बाहेरचा बिचारा धापा टाकत धावतो, कारण सगळे एकाच दावणीला. तारे बांधलेले नसतात."

"मग कडेचा हळू करू?"

"नाही. तो शनी झाला. कडेचा आणि आतला दोघांचा चालण्याचा वेग सारखा. फक्त कडेच्याला फेरा मोठा, म्हणून त्याची फेरी उशिरा पुरी होते."

"म्हणजे दोघं सारखेच पळतात, पण एक मागं राहतो."

"हो."

"माझ्या भावासारखं," चंदर म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने तीन वेगळी कडी केली. प्रत्येकाला वेगळा पट्टा. बाहेरच्या कड्यासाठी मोटरच्या दांड्यावर दोन चाकं बसवली, एक लहान आणि एक मोठं. पट्टा मोठ्यावर टाकला की कडं पळायचं, लहानावर टाकला की रमतगमत फिरायचं. लहान चाक फक्त चाचणीपुरतं होतं, पण ते काढायचं राहून गेलं.

ललित रोज संध्याकाळी मंडपात सरांना खुर्ची देऊन बसवायचा आणि कार्यकर्त्यांना सांगायचा, "सरांना विचारल्याशिवाय एक तारा हलवायचा नाय." न दिसणाऱ्या वस्तुमानाची गोष्ट त्याने सगळ्यांत आधी पकडली. "म्हणजे सर, दिसत नाही, मीटिंगला येत नाही, पावतीपुस्तकात नाव नाही, पण तो नसला तर मंडप उभा राहणार नाही. आपले भाऊसाहेब!" भाऊसाहेब हे त्या वॉर्डाचे नगरसेवक. सरांनी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण इतका चोख दृष्टान्त त्यांना सुचला नव्हता.

कॅसेटचा मजकूर सरांनी लिहिला. ऑर्केस्ट्रात निवेदन करणाऱ्या एका गृहस्थांनी तो थरथरत्या आवाजात वाचला. त्यातलं एक वाक्य सरांनी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं: "कडेचे तारे आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने धावत असतात, आणि त्यांना धरून ठेवणारं वस्तुमान आपल्याला दिसत नाही."

चतुर्थीला संध्याकाळी पडदा उघडला. निळा उजेड, मधे बाप्पा, आणि बाहेरच्या कड्यावर थर्माकोलचे चंदेरी कोरे तारे, जिवाच्या आकांताने पळणारे. सर आरतीपर्यंत तिथे उभे होते. लोक बाप्पाकडे पाहत होते, सर कडेकडे. घरी आले तेव्हा त्यांना कणकण होती. पावसात मंडपाच्या कामावर बसून बसून ताप भरला होता. तो उतरेपर्यंत मधले दिवस गेले. ललितने एकदा झेंडूची पिशवी आणि एकदा मोसंबी पाठवली. स्वतः काही आला नाही. "गडबडीत असेल," सर म्हणाले.

परीक्षणाच्या दिवशी सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मंजुषाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. मालेगाव स्टँडवरून मंडळाच्या गल्लीत वळेपर्यंत सर रस्त्यात दोनदा थांबून बोलायची वाक्यं म्हणून पाहत होते. मंजुषाबाई म्हणाल्या, "काही बोलू नका. ते बघतील. तेवढं पुरे."

मंडपात पोचले तेव्हा देखाव्याचा एक खेळ चालू होता. सर मागेच उभे राहिले. आतलं कडं पळत होतं, मधलं पळत होतं. बाहेरचं कडं जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखं चाललं होतं. आणि तारे आता कोरे नव्हते. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं होतं. एक तारा सावकाश समोर आला. त्यावर 'माउली स्टील सेंटर, भांड्यांचे माहेरघर' असं होतं. त्याच्या मागून 'शुभेच्छुक : आदर्श पिठाची गिरणी' आली.

ललित गर्दीतून लगबगीने आला. "सर! बरं वाटतंय ना? खुर्ची आणा रे सरांना!"

"ललित, कडं हळू का आहे?"

ललितने कपाळावरचा गुलाल रुमालाने पुसला. "सर, आत या ना जरा."

"इथेच सांग."

"देणगीदारांची नावं टाकावी लागतात हो सर. दर वर्षी खाली बोर्डावर टाकतो, यंदा कुणीतरी म्हणालं ताऱ्यांवर टाका. टाकली. पण कडं एवढं पळतंय की नाव वाचेपर्यंत पुढं! माउलीवाले शेठ तर मान फिरवून फिरवून चक्कर येऊन बसले."

"मग नावं आतल्या कड्यावर टाकायची."

"आत कोण बघणार सर? आत बाप्पा आहे."

सरांनी बाप्पाकडे पाहिलं.

"आणि सर, तानुआत्या," ललित म्हणाला. "माझी आत्या, मळ्यातली. तिनं मामांच्या, म्हणजे तिच्या मालकांच्या, स्मरणार्थ तारा घेतलाय. नातीला घेऊन येते रोज, नात वाचून दाखवते. पहिल्या दिवशी नाव आलं नि गेलं. आत्या मला सगळ्यांसमोर म्हणाली, 'जित्तेपणी तो मानूस घरात थांबला नाय, आता मेल्यावर तरी घटकाभर थांबव की रं!' आता तुम्ही सांगा, मी काय करू?"

"तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता सर." ललितने मान खाली घातली. ते खोटं नव्हतं, म्हणून सरांना जास्त लागलं. "पण कुणाच्या लक्षात येणारे? लोकांना फिरल्याशी कारण."

"आज कोण येतंय ते तुला माहितीय."

"हो ना, म्हणून तर—" ललित थांबला, कारण गल्लीच्या तोंडाशी ताशा सुरू झाला होता. "आले वाटतं. सर, आत्ता नका, शेठ पण समोर बसलेत. उद्या करतो, शब्द!" आणि तो हार घेऊन धावला.

डॉ. खांबेटे म्हातारे झाले होते, पण चांगले म्हातारे झाले होते. पांढरेशुभ्र केस, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर सर्वांना सर्व समजेल असा भाव. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. दिवे गेले. कॅसेट सुरू झाली.

सर अंधारात उभे होते. कडं चुकलं असलं तरी वाक्य होतं. वाक्य आलं की खांबेटे ऐकतील आणि मग कड्याची चूक ही मिस्तरीची ठरेल. निवेदकाने आकाशगंगेचा व्यास सांगितला. मध्यावरची गर्दी सांगितली. सूर्य कुठे आहे ते सांगितलं. सरांना पुढचा शब्द न् शब्द पाठ होता. "कडेचे तारे," निवेदक थरथरत्या आवाजात म्हणाला. मग कॅसेटमध्ये एक बारीक खट् झालं. "ज्यांच्या उदार सहकार्यामुळे झळकत आहेत, ते आमचे सर्व देणगीदार आणि हितचिंतक यांचे मंडळ शतशः ऋणी आहे." मग बासरी.

मंजुषाबाईंनी अंधारातच सरांचं मनगट धरलं.

दिवे आले. टाळ्या झाल्या. खांबेटे उठले, देखाव्याजवळ गेले, चष्मा वर करून पाहू लागले आणि प्रेमळपणे हसले. ललितने त्यांच्यापुढे माइक धरला.

"फार सुंदर," खांबेटे म्हणाले. "नाशिकसारख्या ठिकाणी हा विषय घेतलात, कौतुक वाटतं. फक्त एक चूक आहे, आणि ती जुनी चूक आहे. कडेचे तारे असे रेंगाळत नाहीत. ते आतल्यांइतकेच पळतात! यावर मी बरंच लिहिलं आहे. हे हळू करायला कुणी सांगितलं?"

माइक ललितच्या हातात होता. समोर माउलीवाले शेठ होते, त्यांच्या शेजारी तानुआत्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ललितने मंडपभर एकदा पाहिलं. मग तो अत्यंत आदराने म्हणाला, "देखाव्याचे मार्गदर्शक आमचे गायधनी सर आहेत."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

लोकांनी वाट करून दिली. सर पुढे आले. खांबेट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मान तिरकी केली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गायधनी! अहो, तुम्ही माझ्याकडे होतात ना? हो, हो!" ते माइकमध्येच हसले. "तेव्हाही तुमचा बाहेरच्या ताऱ्यांतच घोटाळा व्हायचा."

मंडप हसला. त्यात वाईट भाव नव्हता; गुरुशिष्यांची भेट पाहून लोक हसतात तसा हसला.

"सर, ते बिंदू बरोबर होते," गायधनी म्हणाले.

शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने त्याच क्षणी गाणं लावलं.

"काय म्हणता?"

"बिंदू! बरोबर होते!"

"हो, हो, बरोबरच," खांबेटे म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून चहाकडे वळले.

सर तिथून निघाले ते पडद्याच्या मागे गेले. चंदर कप घेऊन बाहेर गेला होता. मोटर चालू होती. लहान चाकावर पट्टा निवांत फिरत होता. सरांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही वर न करताच मोटर बंद केली, दोन्ही हातांनी पट्टा ओढून मोठ्या चाकावर चढवला आणि मोटर पुन्हा चालू केली.

 बाहेर पोरांचा ओरडा झाला. "पळाले! तारे पळाले!"

सर पडद्याच्या फटीतून पाहत होते. कडं पळत होतं. माउली, गिरणी, तानुआत्याचे मालक, सगळे एका लाल पट्ट्यात मिसळून गेले होते आणि एकही अक्षर वाचता येत नव्हतं. खांबेटे चहाचा कप हातात धरून मागे वळले होते. ते पाहत होते. कड्याचा पुरता एक फेरा होईपर्यंत ते पाहत राहिले. इतक्या वर्षांत सरांनी जे मागितलं होतं, ते अगदी तसंच चाललं होतं.

"वा!" खांबेटे म्हणाले. "आत्ता बरोबर! बघा, सांगितलं की लगेच सुधारणा. अशी जिद्द पाहिजे तरुणांमध्ये."

टाळ्या झाल्या. त्या खांबेट्यांसाठी होत्या. ललितने त्यांना शाल पांघरली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली, 'डॉ. खांबेटे यांनी चूक दाखवताच तारे धावले!' खाली फोटो होता. फोटोत खांबेटे बोट दाखवत होते, ललित माइक धरून होता, आणि तारे अर्थातच स्थिर होते. नवप्रकाश मित्र मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मंजुषाबाईंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि शर्टाच्या बाहीवरचं ग्रीस घासत बसल्या. "जाणार नाही हे," त्या म्हणाल्या. शर्टाबद्दलच म्हणाल्या असाव्यात.

संध्याकाळी ललित पेढे घेऊन आला. सरांच्या पाया पडला. "सर, तुमच्यामुळे. खरं सांगतो, तुमच्यामुळे."

"कडं?" सर म्हणाले.

"ते..." ललितने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. "आता परीक्षण झालं ना सर. सकाळीच चंदरनं परत लहान चाकावर घेतलं. मोठं चाक काढूनच टाकलं, उगाच कुणी पोरंसोरं हात घालायची. सर, तुम्ही काल बोलला असता तर मी—"

"माइक तुझ्याकडे होता," सर म्हणाले.

 ललित चहा न घेता गेला. त्याच्या बाबतीत असं पहिल्यांदाच होत होतं.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंजुषाबाई सरांना घेऊन बाहेर पडल्या. सर नको म्हणत होते, पण शेजारणीने त्यांना काहीतरी सांगितलं होतं आणि त्यांना ते स्वतः पाहायचं होतं. मंडपात गर्दी कमी होती. कडं शतपावली करत होतं. तानुआत्या आपल्या जागेवर होती. तिच्या मालकांचा तारा समोरून जाताना नात अक्षर अक्षर वाचत होती आणि आत्या समाधानाने मान हलवत होती. तिच्यावर सरांना राग धरता येईना.

"अहो, ते बघा," मंजुषाबाई हळूच म्हणाल्या.

गिरणीच्या मागून एक नवा तारा येत होता. रंग अजून ओला दिसत होता. ललितने तो कधी लावला कोण जाणे. इतरांपेक्षा अक्षरं मोठी होती आणि भोवती झेंडूची माळ चिकटवली होती. 'प्रा. वा. ग. गायधनी, वैज्ञानिक मार्गदर्शक.'

तारा सरांच्या समोर आला. पुढे जायची त्याला काही घाई नव्हती. सरांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचलं. वेळ भरपूर होता.

"वाचता येतं, हे मात्र खरं," मंजुषाबाई म्हणाल्या.